डाग परत येईपर्यंत

सकाळचा नेम झाला, पाणी घेतलं, आणि मग मी कपाटातून ते मलम काढलं. मागच्या खेपेची अर्धी उरलेली ट्यूब. कपड्यांच्या घड्यांखाली जपून ठेवली होती, कोणाला न सांगता.

माझी धाकटी लेक आरशासमोर केस वर बांधत होती. लेझरच्या दिवशी केस चेहऱ्यावर यायला नकोत, हे तिला आता पाठ झालं होतं.

“ये इकडे, लावून देते,” मी म्हटलं.

“आत्ताच? तिथे गेल्यावर लावतात ना?”

“घरूनच लावून या, म्हणाली तुझी वहिनी.”

वहिनी असं काही म्हणाली नव्हती. मी काही खोटं बोलण्यात मुरलेली बाई नाही, पण ते इतक्या सहज तोंडातून निघालं की माझं मलाच नवल वाटलं. कारण एवढंच, की मागच्या खेपेला मी त्या खोलीत होते. बधिर करायचं मलम लावूनसुद्धा लेझरच्या प्रत्येक शॉटला तिच्या पायाची बोटं आत वळत होती. तोंडातून हूं की चूं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी पायांकडे बघत बसले होते, आणि पायांनी सगळं सांगून टाकलं. तासभर लावलेलं मलम पुरत नाही ना, मग अडीच तास लावू. थोडं जाड लावू. एवढा साधा विचार होता माझा.

धाकटीच्या चेहऱ्याच्या डाव्या अंगाला जन्मापासून डाग आहे. डोळ्याच्या खालून सुरू होतो, अर्धं नाक, सगळा गाल, वरचा अर्धा ओठ आणि तिथून जबड्याच्या कडेपर्यंत. जन्मली तेव्हा गुलाबी होता. बायका म्हणाल्या, जाईल वर्षभरात. गेला तर नाहीच, तिच्याबरोबर वाढला. सव्विसाव्या वर्षी त्याचा रंग बिटाच्या फोडीसारखा गडद झाला होता. आमच्या सूनबाईंनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, की हा कातडीचा रंग नव्हेच. कातडीखालच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची घडणच चुकलेली. बाकीच्यांच्या आपोआप आकसतात, हिच्या सताड उघड्या. त्यात रक्त भरून राहतं, तेच आपल्याला बाहेरून दिसतं. लेझरचा उजेड नेमका त्या रक्ताला जाऊन लागतो, वाहिनी आतल्या आत मिटते.

सव्वीस वर्षं मी रोज देवापुढे बसून एकच मागणं मागितलं. धाकटीला त्याचं काही नव्हतं. ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. तिथली मुलं हातांनी बोलतात आणि प्रत्येक माणसाला एक खुणेचं नाव देतात. हिचं नाव म्हणजे तीन बोटं डाव्या गालावरून खाली ओढायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. तर ही हसून म्हणाली, “चिडवत नाहीत गं आई. नाव आहे माझं ते. मुख्याध्यापकांचं नाव टक्कल आहे, ते बघ.”

पण गेल्या वर्षापासून ओठ फुगायला लागला. डागाखालचा अर्धा वरचा ओठ जाड झाला, त्यावर दोन बारके फोड आले आणि चूळ भरतानाही रक्त यायला लागलं. आणि ओठ म्हणजे तिच्या वर्गाचा फळा. मुलं तिचे ओठ वाचतात. एका मुलीनं तिला खुणेनं सांगितलं, की बाई, तुमचे काही काही शब्द आता दिसत नाहीत. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच वहिनीला म्हणाली, “माझा नंबर लाव.”

सून, म्हणजे धाकटीची वहिनी, लेझर होतं त्याच रुग्णालयात, त्वचेच्या विभागात सिस्टर आहे. लेझरची खोली तिच्याकडे. आमचं दोघींचं वाकडं नाही, पण गळ्यात गळेही नाहीत. ती तोडून बोलणारी, मी हळू बोलणारी. माझं अर्धं तिला ऐकू जात नाही, तिचं अर्धं मला झेपत नाही.

लेझरचं यंत्र रुग्णालयाचं स्वतःचं नाही. ते दोन महिन्यांतून एकदा गाडीतून येतं, दिवसभर राहतं आणि पाचला पुढच्या गावी निघतं. बरोबर एक गृहस्थ असतात, गळ्यात यंत्राची किल्ली आणि नजर भिंतीवर. सगळ्या सिस्टर त्यांना घड्याळकाका म्हणतात. शॉटनंतर चेहरा जांभळा पडतो तो पंधरा दिवस तसाच असतो, म्हणून धाकटीनं शाळेच्या सुट्टीतलाच दिवस मागून घेतला होता. हा हुकला तर पुढची सुट्टी सहा महिन्यांनी. तोवर ओठाचं काय होईल, हे डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. जाड झालेला ओठ मग उजेडाला दाद देत नाही, सुरी लावावी लागते.

इतकं सगळं मला ठाऊक होतं. तरी मी मलम लावलं.

अकरा वाजता आमचं नाव पुकारलं. लेझरच्या खोलीला खिडकी आहे, पण तिला आतून काळा कागद चिकटवलेला. आरसा काढून ठेवलेला, स्टीलच्या ट्रेवर ओलं फडकं. उजेड कशावरून उलटू नये म्हणून. दाराशी खुंट्यांवर चष्मे ओळीनं टांगलेले. सून निळ्या टोपीत होती. टोपी घातली की ती घरातली वाटतच नाही.

“बसा बाईसाहेब,” ती धाकटीला म्हणाली. “अगं, हे काय? हे चेहऱ्याला काय थापलंयस?”

“मलम. आईनं गिलावा केलाय.”

“कधी?”

“साडेआठला.”

सुनेनं ओल्या कापसानं मलम पुसायला घेतलं. गाल मोकळा होत गेला आणि मी वाकून पाहिलं. डाग नव्हता. म्हणजे होता, पण दुधात कालवल्यासारखा, ठिपक्याठिपक्यांनी फिका. कड तर कुठेच नव्हती. जबड्याकडे नुसतं कातडं, तुमच्याआमच्यासारखं. सव्वीस वर्षांत मी माझ्या लेकीचा तो गाल पहिल्यांदा पाहत होते. मनात आलं, ऐकलं गं बाई. ऐकलं त्यानं.

मग मी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि माझा आनंद जागच्या जागी थिजला.

“सर,” ती दाराकडे वळून म्हणाली, “जरा येता?”

सर म्हणजे त्या विभागाचे मोठे डॉक्टर. उंच, घाईतले, हातात कायम दुसऱ्याच कोणाचा तरी कागद. त्यांनी वाकून पाहिलं. “मलमानं वाहिन्या आकसल्यात. मलमाआधी डागाच्या कडेनं रेघ काढली नव्हती?”

“नाही सर.”

“मग मलम कसं लागलं?”

“वहिनी, तूच ना सांगितलंस?” धाकटी सरळपणे म्हणाली. “घरून लावून या म्हणून?”

खोलीत आणखी एक सिस्टर होती, दाराशी घड्याळकाका होते. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या क्षणात तिला सगळं कळलं, हे मला कळलं. मनात म्हटलं, आता ही मला सगळ्यांपुढे उघडं पाडणार, आणि पाडलंच पाहिजे.

“माझ्याकडून नीट सांगायचं राहिलं असेल सर,” ती म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी हिनं माझा कधी एक शब्द उत्तर दिल्याशिवाय सोडला नसेल, आणि इथे, जिथे तिच्या नावाला किंमत आहे तिथे, ती माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेत होती.

“तिनं सांगितलं नव्हतं,” मी म्हटलं.

“काय?” सरांना ऐकू गेलं नाही.

“ती म्हणाली नव्हती काही. मी लावलं. पोरीला कमी दुखावं म्हणून लावलं, आणि पोरीला खोटं सांगितलं.”

“आई!” धाकटी उठून बसली.

सरांनी हात हलवला, म्हणजे राहू द्या. “ठीक आहे, झालं ते झालं. सिस्टर, मागचा फोटो आहे. त्यावरून रेघ काढा, उरकून टाकू. नऊ जण बसलेत बाहेर.”

माझा जीव भांड्यात पडला. पण सून हलली नाही.

“फोटोवरून नाही काढणार सर.”

“का?”

“सहा महिन्यांपूर्वीचा आहे. आणि फोटोत गालाची गोलाई कळत नाही. कड बोटभर इकडेतिकडे होईल.”

“सिस्टर, मी आयुष्यात किती डाग पाहिलेत?”

“पुष्कळ. पण चष्मा घातला की तुम्ही डाग बघत नाही सर.” तिचा आवाज चढलेला नव्हता. उलट तो इतका खाली आला होता की माझाच वाटला. “त्या काचेतून लाल रंग कळतच नाही. तुम्ही माझी रेघ बघता. मी चुकीची रेघ दिली तर तुम्ही चुकीच्या रेघेवर बरोब्बर शॉट द्याल. आत चांगली कातडी भाजेल, बाहेर डागाची पट्टी राहील.”

दुसरी सिस्टर छताकडे बघायला लागली. घड्याळकाका खोकले.

खरं सांगते, तेव्हा मला तिचा रागच आला. स्वतःची नणंद आहे, म्हणून जास्त कडक वागून दाखवतेय, असं वाटलं. सर हो म्हणतात, पेशंट तयार, मग हिला कशाला एवढा तोरा?

“मग आज होणार नाही,” सर म्हणाले. “पाचला यंत्र जातं.”

“तिला शेवटचा नंबर द्या. तोवर रंग आणते मी परत.”

“आणि नाही आला तर?”

“तर नाही करायचं.”

सरांनी एकदा धाकटीकडे पाहिलं. “तुम्हाला चालेल?”

धाकटी उठून चपला घालत होती. “वहिनी म्हणते तसं.”

तिथून पुढचे पाच तास मी विसरणार नाही. व्हरांड्याच्या टोकाला सिस्टर लोकांची चहा प्यायची एक खोली आहे, एक पलंग, एक बेसिन, भिंतीला चिरलेली टाईल. सुनेनं धाकटीचा चेहरा साबणानं तीनदा धुतला, आमच्या हाती कोमट पाण्याचं पातेलं आणि फडकी दिली, आणि म्हणाली, “आई, दर पाच मिनिटांनी फडकं बदला. कढत नको, कोमट. भाजलं तर सगळंच संपलं. आणि डोकं गरगरलं, कानात वाजलं, काहीही वाटलं तर लगेच मला बोलवा. एवढं मलम एवढा वेळ लावायचं नसतं. अंगात भिनतं ते.” मग दोन पावलं जाऊन परत आली. “रडू नका आता. ती बघतेय.”

मी फडकी बदलत राहिले. मधल्या वेळी धाकटी जिने चढली उतरली, तीन मजले, चार वेळा. वर आली की धापा टाकत गाल माझ्यासमोर धरायची. “आला?”

“थोडा.”

“कुठे?”

“उजव्या गालाला.”

“तो नको गं!”

एक वाजला, दोन वाजले. सून दोन पेशंटच्या मधे धावत यायची, बॅटरीचा झोत तिरका धरून बघायची, काचेची पट्टी गालावर दाबून, सोडून रक्त परत भरतं का ते पाहायची आणि नाही म्हणून मान हलवायची. नाकाजवळचा भाग भरत होता. ओठावर रंग आला होता. जबड्याची कड मात्र अजून धुक्यात.

त्या वेळात माझा जप चालूच होता, ओठांतल्या ओठांत. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मी काय म्हणतेय. मी म्हणत होते, येऊ दे. परत येऊ दे तो डाग, देवा, सगळा येऊ दे, इतकासुद्धा मागे ठेवू नकोस. सव्वीस वर्षं ज्या तोंडानं जाऊ दे म्हटलं, त्याच तोंडानं. मला हसू आलं. वाटलं, तो म्हणत असेल, या बाईला नक्की हवंय तरी काय? पण मी जप सोडला नाही. उलट जीव लावून केला. तो डाग माझ्या लेकीच्या अंगाचा होता, आणि त्याचा एकेक धागा मला आता कधी नव्हे इतका हवा होता.

तीनला सून आली ती थेट पलंगाची उशी काढायलाच. “आडवी हो. डोकं खाली लोंबकळू दे, पलंगाच्या बाहेर.”

“वटवाघळासारखं?”

“वटवाघळं गप्प असतात. तू काही गप्प बसत नाहीस.”

धाकटी उलटी लटकली. सून गुडघ्यांवर बसून तिचा गाल न्याहाळायला लागली, मी शेजारी बॅटरी धरून. रंग चढत होता. जबड्याची कड आता जराशी दिसायला लागली, पण तुटक तुटक.

“वहिनी, किती वेळ?”

“थांब. बरं मला सांग, त्या सुतारकामाच्या मास्तरांनी तुझ्या वर्गाचं कपाट दुरुस्त केलं का शेवटी?”

धाकटीनं डोळे मिटून घेतले.

“केलं ना? चौथ्यांदा?” सून माझ्याकडे न बघता म्हणाली. “काय बाई कपाट आहे. दर आठवड्याला त्याची बिजागरी ढिली होते.”

“वहिनी, गप.”

“कोण मास्तर?” मी विचारलं.

“कोणी नाही गं आई!”

“आई, चांगले आहेत. हातांनी भराभर बोलतात. मी पाहिलंय. तुमच्या लेकीचं नाव घेताना बोटं गालावरून जरा जास्तच हळू फिरवतात.”

“वहिनी!! मी उठते हं!”

“उठू नकोस! आई, झोत इकडे, इकडे धरा!”

आणि तो आला. काय सांगू, भरतीचं पाणी चढावं तसा तो रंग कानाकडून जबड्याकडे आला, जबड्यावरून वळला, कड एखाद्या नकाशासारखी स्वच्छ उमटली. उजवा गालही लाल, कपाळ लाल, पण डावीकडचा लाल निराळा, बिटासारखा गडद. सुनेच्या हातात पांढरी पेन्सिल कधी आली मला कळलंही नाही. ती श्वास रोखून रेघ ओढत गेली. नाकाची कड, ओठाचा वरचा काठ, हनुवटी, जबडा. कानाजवळ आली आणि थांबली.

“आई, झोत जरा मागे.”

कानाच्या पाळीखाली, मानेकडे उतरणारी एक बोटभर लांब पट्टी होती. फिकट, पण होती.

“ही मागच्या वेळी नव्हती,” मी म्हटलं. मला तो डाग तोंडपाठ होता.

“असणार. नवीन येत नसते.” तिनं काच दाबली, सोडली. पट्टी पांढरी झाली, पुन्हा भरली. “मीच पाहिली नव्हती.”

तिनं त्या पट्टीभोवतीही रेघ काढली.

साडेचारला शेवटचा पेशंट बाहेर गेला. सरांनी धाकटीच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि कानाशी बोट नेलं. “हे काय? मागच्या नोंदीत नाही.”

“माझी चूक सर. मागच्या वेळी खोली गार होती, ती निजलेली होती, मी घाईत होते. उलटी टांगली तेव्हा दिसली.” तिनं मान खाली घातली नाही. “आज फोटोवरून काढली असती तर आजही सुटली असती.”

सरांनी मान तिरकी केली. काच घेतली, स्वतः दाबून पाहिली, पुन्हा पाहिली. मग दुसऱ्या सिस्टरला म्हणाले, “नोंदवून घ्या. आणि यापुढे माझ्या यादीतल्या प्रत्येकाला यांनी आधी बघायचं. मलम नंतर.”

तेवढं ऐकून मी निघून गेले असते तरी मला चाललं असतं. पण सून धाकटीसमोर जाऊन उभी राहिली होती.

“एक सांगायचंय. आता पुन्हा मलम लावता येणार नाही. सकाळी फार लागलंय. आणि लावलं तर कडही पुन्हा जाईल. थंड फवारा मिळेल, बस. दुखेल.”

पोरीचं दुखणं कमी व्हावं म्हणून मी जे केलं, त्यानं तिच्या वाट्याला सगळंच दुखणं आलं होतं. 

“करा,” धाकटी म्हणाली. “आधी ओठ.”

“ओठावर सगळ्यात जास्त लागेल.”

“म्हणूनच आधी. मग बाकीचं सोपं.”

तिच्या डोळ्यांवर धातूच्या छोट्या वाट्या बसवल्या. मलाही चष्मा दिला. दार आतून बंद झालं, बाहेरचा लाल दिवा लागला. चष्म्यातून खोली निळसर झाली, आणि खरंच, लाल असं काही उरलंच नाही. माझ्या लेकीचा चेहरा म्हणजे काळपट सावली, आणि तिच्याभोवती सुनेनं ओढलेली झगझगीत रेघ. मी पायाशी बसून तिची दोन्ही पावलं हातांत धरली.

फवारा फुस्स करायचा, पाठोपाठ टक्. ताणलेलं रबर सुटावं तसं. ओठावर अकरा शॉट. प्रत्येकाला तिची पावलं माझ्या तळव्यांत आवळली जायची आणि लगेच सैल व्हायची. नवव्यानंतर सरांनी विचारलं, “थांबू का?”

“सर,” ती ओठ न हलवता म्हणाली, “मी वर्गात मुलांना मधे थांबू देत नाही.”

सर हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग गाल, मग नाक. सून शेजारी उभी राहून पेन्सिलीच्या टोकानं वाट दाखवत होती, इथून, आता इथून, इथे जरा कमी, आणि तो मोठा माणूस तिच्या टोकामागून निमूट चालला होता. दिवसभरात नऊ जणांना तपासताना ज्यानं कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नसेल, तो माझ्या सुनेच्या हाताकडे बघत थांबत होता. घरात मी हिला भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, माझ्यावर तडकताना पाहिलं होतं. हिचं काम मी आज पाहिलं. वाटलं, ही बाई आपल्या घरात रोज संध्याकाळी येते, आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

पाचला पाच कमी असताना दारावर टकटक झाली. घड्याळकाका.

“झालंच,” सर आतून म्हणाले. शेवटचा शॉट जबड्यावर पडला. त्यांनी हातातला लेझरचा दांडा खाली आणला, मान दोन्हीकडे फिरवून मोडली. “संपलं. यंत्र बंद करायला हरकत नाही.”

सून रेघेवरून नजर नेत कानापर्यंत गेली.

“सर, कानाखाली चार राहिलेत.”

“सिस्टर, पाच वाजतायत!” दाराबाहेरून काकांचा आवाज.

“चार राहिलेत,” ती म्हणाली. तेवढंच. तशीच हळू.

धाकटीच्या सुजलेल्या ओठांतून अस्पष्ट आलं, “काका, उभे राहा तिथेच. वहिनी चार म्हणाली की चारच.”

सरांनी दांडा पुन्हा उचलला. फुस्स, टक्. मी मोजत होते. फुस्स, टक्. दारावर पुन्हा टकटक झाली नाही. तिसरा. चौथा. सुनेनं पेन्सिल खाली ठेवली.